डाव्या कुशीवरचा रिपोर्ट

एकोच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याच्या तपासणीच्या, टेबलावर माणसाला डाव्या कुशीवर निजवतात, डावा हात डोक्याखाली घ्यायला सांगतात, छातीवर थंड जेली लावतात आणि दोन बरगड्यांमधल्या फटीवर प्रोब टेकवतात. खोलीत अंधार असतो. पाच-दहा मिनिटांत त्या माणसाचं हृदय इतकं निवांत चालू लागतं, जितकं ते जागेपणी एरवी क्वचितच चालत असेल. नेमक्या त्याच अवस्थेत आम्ही आकडे घेतो, छापतो आणि सही करतो. पण भोकरदन तालुक्यातल्या एखाद्या गावाहून आलेल्या त्या माणसाची तक्रार निजल्यावरची नसतेच. मिरचीचं पोतं उचलून धुऱ्यापर्यंत येताना छाती भरून येते, विहिरीवरून चढून वर आलं की बसावं लागतं, मागच्या वर्षापर्यंत राजूरच्या गणपतीला चतुर्थीला पायी जाणं व्हायचं ते यंदा अर्ध्या वाटेत गाडी करावी लागली, अशी ती तक्रार असते. या कामात वर्षं घातल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. ज्याचा त्रास श्रमात होतो, त्याचा निकाल विश्रांतीतल्या एकोवर देऊ नये. आणि जो रोज धावतो, त्याच्या विश्रांतीतल्या एकोवरही, तो धावतो हे विचारल्याशिवाय, निकाल देऊ नये. दोन्हीकडे गफलत एकच होते: आकडा त्या माणसाच्या कामापासून तोडून वाचला जातो.

सुरुवात सगळ्यांच्या तोंडी असलेल्या आकड्यापासून करू. रिपोर्ट हातात पडताच नातेवाईक विचारतात, ‘पंपिंग किती आलं?’ हे पंपिंग म्हणजे ईएफ. डावा कप्पा पूर्ण भरल्यावर त्यात जेवढं रक्त असतं, त्यातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर पडतं, तो हा आकडा. साधारण ५५ ते ७० टक्के आला की तो चांगला. ६० टक्के ऐकून ‘म्हणजे ४० टक्के हार्ट खराब आहे का?’ असं घाबरून विचारणारे रोज भेटतात, आणि त्यांना समजावण्यात घातलेला वेळ मला कधी वाया गेलासा वाटत नाही. मात्र या टक्क्याची खरी मर्यादा वेगळी आहे. समजा एका माणसाचा डावा कप्पा १२० मिलिलिटर भरतो आणि ठोक्याला ७० मिलिलिटर बाहेर टाकतो. ईएफ झाला ५८. नाडी ७२ असेल तर मिनिटाला पाच लिटर रक्त शरीरभर गेलं. आता वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचं धावणाऱ्याचा कप्पा घ्या. तो सरावाने मोठा झालेला, १८० मिलिलिटर भरणारा. त्याने ठोक्याला ९० मिलिलिटर टाकले तरी ईएफ ५० च येतो, नाडी ५५ असते, आणि मिनिटाचा हिशेब पुन्हा जवळपास पाच लिटरच होतो. निजलेल्या शरीराला त्याहून जास्त नको असतं, म्हणून हे हृदय जास्त देत नाही. कागदावर मात्र ‘डावा कप्पा मोठा, पंपिंग काठावर’ असं उमटतं, आणि हेच शब्द कमजोर होत चाललेल्या स्नायूच्या रिपोर्टवरही उमटतात. दोघांना पळवा. धावपटूचा ईएफ ६५ च्या वर जातो, ठोक्याला ११७ मिलिलिटर आणि नाडी १८५ धरली तर मिनिटाला साडेएकवीस लिटरच्या पुढे. आजारी हृदयाचा टक्का जिथल्या तिथे राहतो किंवा खाली येतो. झोपलेल्या अवस्थेत जुळ्यासारखी दिसणारी दोन हृदयं श्रमात दोन टोकांना जातात.

धावणाऱ्याचं हृदय मोठं होतं हे ज्ञान यंत्राच्याही आधीचं आहे. स्वीडनमधल्या हेन्शन या डॉक्टरांनी १८९९ मध्ये बर्फावर स्कीइंग करणाऱ्या खेळाडूंच्या छातीवर बोटांनी ठोकून, नुसत्या आवाजावरून, त्यांची हृदयं मोठी असल्याचं सांगितलं होतं. एड्लर आणि हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये त्याच देशात ध्वनिलहरींनी हृदय पाहायला सुरुवात केली आणि ठोकून ओळखण्याची गोष्ट मिलिमीटरमध्ये मोजता येऊ लागली. इटलीतल्या पेलिचिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तेराशेहून जास्त निवडक खेळाडूंचे एको मांडले. त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांचा डावा कप्पा ५५ मिलिमीटरच्या पुढे होता आणि १४ टक्क्यांचा ६० किंवा त्याहून जास्त. सामान्य माणसाच्या रिपोर्टवर ६० आला की आम्ही सावध होतो. आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. जगातल्या १५ देशांत निरोगी माणसांचे एको एकाच पद्धतीने काढून पाहिले गेले, तेव्हा भारतीयांच्या डाव्या कप्प्याचं आकारमान सर्वांत लहान निघालं. म्हणजे परदेशी तक्त्यात ‘नॉर्मल’ बसणारा कप्पा इथल्या पंचेचाळीस किलोच्या बाईसाठी मोठा असू शकतो, आणि परदेशी खेळाडूंच्या मापात ‘हे तर धावण्यामुळे’ म्हणून सोडून दिलेला कप्पा इथल्या मुलासाठी आजाराचा असू शकतो. उंची-वजन न लिहिलेला एकोचा रिपोर्ट मला म्हणूनच अर्धवट वाटतो.

हा प्रश्न भोकरदनला पुस्तकी नाही. पोलीस भरतीची जाहिरात निघण्याच्या आधीपासून भोकरदन–सिल्लोड आणि भोकरदन–जालना रस्त्यांवर पहाटे पोरं धावताना दिसतात. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक यांच्या ५० गुणांवर कित्येक घरांचं भवितव्य टांगलेलं असतं. अशा मुलाचा काही कारणाने एको होतो आणि त्यात भिंत जाड किंवा कप्पा मोठा दिसतो. मग एक बाजू म्हणते की धावतो ना, म्हणून आहे, सोडून द्या. दुसरी म्हणते की धावणं बंद करा, भरती विसरा. दोन्ही सल्ले घाईचे आहेत, आणि त्यांची किंमत मुलगा मोजतो. इथे आक्षेप येतो तो रास्त आहे: व्यायामाने हृदय बदलतं हे एकदा मान्य केलं, की प्रत्येक बिघाड व्यायामाच्या खात्यावर टाकता येईल, मग रोग पकडणार कसा? त्याला उत्तर आकडेच देतात. याच इटालियन गटाने १९९१ मध्ये ९४७ निवडक खेळाडूंच्या डाव्या कप्प्याची भिंत मोजली होती. १३ मिलिमीटर किंवा त्याहून जाड भिंत फक्त १६ जणांत सापडली, सर्वांत जाड १६ मिलिमीटरची निघाली, आणि हे खेळाडू मुख्यत्वे नाव वल्हवणारे होते, देशासाठी खेळणारे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदकापर्यंत पोहोचला, त्यामागे रोजच्या रोज, वर्षानुवर्षं केलेला सराव आहे. सहा-आठ महिने पहाटे धावणाऱ्या मुलाच्या हृदयाला तोच नियम लावता येत नाही. त्याची भिंत १४ मिलिमीटर भरली तर ती धावण्याने झाली असं म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. जन्मतः स्नायू जाड होत जाणारा, घराण्यात चालणारा एक आजार आहे, आणि तरुण खेळाडूंच्या मैदानावरच्या आकस्मिक मृत्यूंच्या महत्त्वाच्या कारणांत तो मोडतो. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना उमेदवार कोसळून दगावले आणि पुढे ते अंतर कमी झालं. उकाडा, थकवा हेही तिथे होते, आणि असा प्रत्येक मृत्यू हृदयाच्या खात्यावर टाकणं चूक ठरेल. तरीही त्या वयाच्या मुलाची जाड भिंत ‘खेळाडूचं हृदय’ म्हणून निकालात काढणाऱ्याने ते दिवस आठवावेत.

मात्र १४ हा आकडा लिहिण्याआधी तो नीट घेतला का, हेही पाहावं. पडद्यावर भिंतीची कड सरळ आडवी छेदायची असते. रेघ तिरकी गेली, किंवा उजव्या कप्प्यातला एखादा स्नायूचा पट्टा भिंतीतच धरला गेला, की ११ चे १३ सहज होतात. एका मिलिमीटरला एवढं वजन असलेल्या मापासाठी दोन-तीन ठोके मोजून सरासरी घेणं हा किमान व्यवहार आहे. मग ईसीजी, घरातल्या तरुण मृत्यूंची चौकशी, स्नायू सैल सुटण्याचा वेग, कप्प्याचा आकार. खेळाडूच्या हृदयात भिंत जाड झाली तर कप्पाही मोठा असतो आणि स्नायू चटकन सैल होऊन रक्त ओढून घेतो. त्या आजारात कप्पा बहुधा लहान आणि स्नायू ताठ असतो. इतकं करूनही काठावरच राहिलं, तर तीन महिने सराव थांबवून पुन्हा मोजायचं. सरावाने वाढलेली भिंत सराव थांबला की उतरते. सोल ऑलिम्पिकमधल्या इटालियन वल्हेकऱ्यांमध्ये ती अशी उतरताना मोजली गेली आहे. भरतीच्या तोंडावर तीन महिने थांबणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. म्हणून ही तपासणी जाहिरात निघाल्यावर नव्हे, तयारी सुरू करतानाच व्हावी असं मला कळकळीने वाटतं. आणि या आजारात मुलाला पळवून लगेच एको करण्याला स्वतंत्र अर्थ आहे. ज्यांच्यात जाड स्नायू रक्ताची बाहेर पडायची वाट अडवतो, त्यांतल्या सुमारे निम्म्या जणांत ही अडवणूक निजलेल्या अवस्थेत दिसतच नाही, फक्त श्रमानंतर उघडी पडते.

आता दुसरी बाजू, जी या भागात मला जास्त महत्त्वाची वाटते. लहानपणी घसा सुजून येणारा, सांधे धरणारा आणि पुढे हृदयाच्या झडपा खराब करणारा ऱ्हुमॅटिक ताप आपल्या खेड्यांतून गेलेला नाही. त्यात डाव्या बाजूची मायट्रल झडप हळूहळू चिकटत जाते. निरोगी झडपेचं तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडतं, चिकटलेलं दीड किंवा त्याहून कमी. पस्तिशीची बाई दम लागतो म्हणून येते, टेबलावर निजते, नाडी ६५ असते, झडपेतला सरासरी दाबफरक पाऱ्याचे ५ मिलिमीटर भरतो आणि ‘मध्यम स्वरूपाचा आजार, गोळ्या सुरू ठेवा’ असा शेरा पडतो. तिला दम का लागतो याचं उत्तर त्या शेऱ्यात नसतं, ते ठोक्याच्या वेळापत्रकात असतं. नाडी ६० असताना एका ठोक्याला एक सेकंद मिळतो, आणि त्यातला दोन तृतीयांश वेळ हृदय भरण्यात जातो. नाडी १२० झाली की ठोक्याला अर्धाच सेकंद उरतो, आणि ही काटछाट मुख्यतः भरण्याच्या वेळातून होते. झडपेचं तोंड तेवढंच अरुंद, वेळ कमी, आणि श्रमात जायला हवं रक्त जास्त. अरुंद तोंडातून प्रवाहाचा वेग दुप्पट करायचा तर दाब चौपट लागतो. ५ चे २० होतात. तो दाब मागे फुप्फुसांत साचतो, आणि बाई कापसाच्या ओळीत मध्येच उभी राहते. घरचे म्हणतात कामचुकार झाली, दवाखान्यात म्हणतात रक्त कमी आहे, टेन्शन आहे. अशा बाईला टेबलावरच पाय वरखाली करायला लावून, किंवा झेपत असेल तर खोलीतल्या खोलीत उठाबशा काढायला लावून, नाडी वाढताच पुन्हा प्रोब टेकवला, तर पडद्यावर फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. निजलेल्या अवस्थेत, रक्ताचा वेग दाखवणाऱ्या डॉप्लरच्या प्रत्येक लाटेला दोन ठोक्यांमध्ये उतरायला ऐसपैस जागा असते. श्रमानंतर लाटा एकमेकींना चिकटतात, उतरता उतरता मध्येच पुढची चढायला लागते, आणि त्यांच्याखालचं क्षेत्र भरगच्च होतं. सरासरी दाबफरक १५ च्या वर किंवा फुप्फुसाचा दाब ६० च्या वर गेला, तर फुग्याने झडप उघडण्याचा विचार करायला आधार मिळतो. ही चाचणी करायला नवीन यंत्र लागत नाही. दहा मिनिटं लागतात, आणि विचारण्याची सवय.

झडप चांगली, पंपिंग ६५, तरीही दम लागणारा आणखी एक मोठा गट आहे: साठीच्या पुढचे, वर्षानुवर्षं बीपी आणि साखर असलेले, त्यांतही बायका जास्त. त्यांचा कप्पा लहान आणि ताठ झालेला असतो. टाकण्याचा टक्का उत्तम, पण मुळात भरतंच कमी. विश्रांतीत ते निभावतं. जिने चढताना हृदय भरण्यासाठी आतला दाब वाढवावा लागतो, आणि तो वाढल्याची खूण रक्त आत येण्याचा वेग (ई) आणि स्नायू सैल होण्याचा वेग (ई-प्राइम) यांच्या गुणोत्तरात सापडते. विश्रांतीत १० असलेलं हे गुणोत्तर श्रमानंतर १४-१५ च्या पुढे गेलं, की ‘वयामुळे होतं’ हे उत्तर अपुरं ठरतं. असा ताठपणा पुढे वाढण्याआधी व्यायामाने उतरतो का, याचंही उत्तर आता आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसच्या संशोधकांनी ४५ ते ६४ वयाच्या बैठ्या माणसांना दोन वर्षं, आठवड्यातून चार-पाच दिवस, नेमाने व्यायाम करायला लावला. त्यांच्या डाव्या कप्प्याचा ताठपणा कमी झाला आणि श्रमाची क्षमता सुमारे १८ टक्के वाढली. त्याच शहरात १९६६ मध्ये विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे नुसतं अंथरुणावर ठेवलं होतं, तेव्हा त्यांची क्षमता इतकी घसरली की पुढच्या तीस वर्षांच्या वयानेही तेवढी घसरण केली नाही. आजारपणात महिना-महिना खाटेवर पडून राहणं हीच काळजी समजणाऱ्या आपल्या घरांसाठी हा निष्कर्ष फार मोलाचा आहे.

इथे कुणी म्हणेल, आमच्या शेतकऱ्याला व्यायाम काय शिकवता, तो दिवसभर राबतोच. राबतो हे खरं, पण हृदयाच्या दृष्टीने सगळं राबणं सारखं नाही. दिवसभर वाकून मिरची तोडण्यात कंबर मोडते, नाडी मात्र फारशी चढत नाही. पोतं उचलण्यात बीपी क्षणभर उसळतं आणि उतरतं. अर्धा-पाऊण तास नाडी चढती ठेवणारं चालणं, जे पूर्वी शेतावर जाण्या-येण्यात आपोआप घडायचं, ते मोटारसायकलने बहुतेक घरांतून काढून घेतलं आहे. म्हणून ‘शेतकरी आहे, तब्येत कमावलेली आहे’ या भरवशावरही एको वाचू नये.

श्रमानंतरच्या एकोविरुद्ध सगळ्यांत तगडा आक्षेप शास्त्राचाच आहे. विश्रांतीत मोजतात ते मुद्दाम, कारण तीच एक अवस्था सगळ्यांत आणि दर वेळी सारखी ठेवता येते. हे मला पूर्ण मान्य आहे. उपचार लागू पडतो का हे पाहायला विश्रांतीतला एकोच हवा, आणि श्रमातला एको त्याची जागा घेत नाही, त्याच्या पुढे जोडला जातो. शिवाय श्रमातला एको काढणं अवघड आहे. ट्रेडमिलवरून उतरलेल्या माणसाला कुशीवर निजवून ६० ते ९० सेकंदांच्या आत चारही बाजूंची चित्रं घ्यायची असतात. छाती भात्यासारखी हलत असते, फुप्फुस मध्ये येतं, घामाने जेली सरकते, ‘श्वास सोडा, धरा’ म्हणेपर्यंत पुढचा श्वास घेतलेला असतो. उशीर झाला की रक्त कमी पडून मंद झालेली भिंत पुन्हा हलायला लागते आणि खरा रोग ‘नॉर्मल’ म्हणून सुटतो. हे कौशल्य हाताला लागायला काळ जातो, आणि ज्याने ते कमावलेलं नाही त्याने ही चाचणी करू नये हेच बरं. पण एवढी यातायात कशासाठी, तर हृदयाला रक्त कमी पडतं तेव्हा भिंतीची हालचाल आधी मंदावते, ईसीजी नंतर बदलतो आणि छातीत दुखणं सगळ्यात शेवटी येतं. विश्रांतीतला एको आणि ईसीजी दोन्ही चांगले असूनही तीन रक्तवाहिन्या अरुंद असू शकतात. धोक्याचं म्हणाल, तर बीपी २०० च्या पुढे असलेला, छातीत दुखणं नुकतंच वाढलेला, मुख्य रक्तवाहिनीची झडप फार आवळून त्रास सुरू झालेला माणूस पळवायचा नसतोच. अशांना वगळून, बीपी आणि ईसीजीवर नजर ठेवून केलेल्या चाचणीत जिवाचा धोका दहा हजारांत एकाच्या आसपास धरला जातो. चाचणी केली नाही तर त्याच माणसांना आपण घरी पाठवतोच, आणि ते त्याच दिवशी कोणाच्याही नजरेबाहेर पोतं उचलतात.

तालुक्याच्या ठिकाणी हे कसं जमायचं, हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफीचं यंत्र, आणि त्यात एकोचंही आलं, नोंदलेल्या जागेबाहेर मनाला येईल तसं नेता येत नाही. मराठवाड्यात मुलींचं प्रमाण किती खाली गेलं होतं हे पाहिलेल्या कुणीही त्या कायद्याविषयी कुरकुर करू नये. म्हणजे रुग्णालाच जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जावं लागतं, मजुरी बुडवून, बरोबर एक माणूस घेऊन. म्हणूनच ती फेरी नुसत्या ‘२डी एको’ या दोन शब्दांच्या चिठ्ठीवर होऊ नये. चिठ्ठीवर एवढं असावं: त्रास नेमका कशात होतो, किती चालल्यावर होतो, माणूस रोज काय काम करतो, धावत असेल तर किती महिन्यांपासून, आणि श्रमानंतरही मोजावं ही विनंती. रिपोर्टवर नाडी, बीपी, उंची आणि वजन असावं. ग्रामीण रुग्णालयातल्या किंवा गावातल्या खासगी डॉक्टरला यासाठी पेनाशिवाय काही लागत नाही.

सर्वांत आधी ही चिठ्ठी कुणासाठी लिहायची असेल, तर मी लग्न ठरलेल्या आणि नव्याने दिवस गेलेल्या, दम लागणाऱ्या मुलींसाठी लिहावी म्हणेन. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, नाडी मिनिटाला दहा-वीस ठोक्यांनी चढते, आणि सातव्या-आठव्या महिन्यात हृदयावरचा भार जवळपास शिगेला पोहोचतो. चिकटलेल्या मायट्रल झडपेसाठी ही महिनोन् महिने चाललेली श्रमाची चाचणीच असते, जी मध्ये थांबवता येत नाही. तीच झडप लग्नाआधी किंवा तिसऱ्या महिन्यात, पाय वरखाली करायला लावून दहा मिनिटं पाहिली, तर औषध पुरेल की फुगा लागेल हे ठरवायला हातात वेळ असतो. आठव्या महिन्यात रात्री धाप लागून उठून बसलेल्या मुलीला जीपमध्ये घालून जालन्याला निघताना तो वेळ उरलेला नसतो.